सोऱ्याचं नको

कारखान्यात सोरा माझ्या हातून जायचा. पांढरा, खडीसाखरेच्या चुऱ्यासारखा, जिभेला गार लागणारा. फटाकेवाले तोच वापरतात आणि आम्ही तोच मटणात घालायचो. ठाण्याला खाडीच्या अंगाला डबाबंद मटणाचा एक लहानसा कारखाना होता. तो लष्कराला डबे पुरवायचा. इंटर सायन्सला नापास झालेली मी तिथे तपासणीच्या खोलीत नोकरीला होते. मिठात थोडा सोरा मिसळला की मटण नासत नाही, आणि शिजलं तरी गुलाबी राहतं. नाही घातला तर ते करडं, मातकट दिसतं आणि कोणी डबा हातात धरत नाही. एका घाण्याला किती सोरा लागेल ते मोजून देणं हे माझं काम, आणि त्या कामाचा मला फार तोरा होता. घरी कोणी वाटीभर साखरही अंदाजाने घेतली तरी मी बोलायची.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. आम्ही ठाण्याला कोपरीत दोन खोल्यांत राहत होतो. वडील, मी आणि माझी धाकटी बहीण. वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो. ते कल्याणच्या रेल्वेच्या मालधक्क्यावरच्या कचेरीतून नुकतेच निवृत्त झाले होते आणि डाव्या कानाने त्यांना जवळजवळ ऐकू यायचं नाही. धाकटी माझ्याहून चार वर्षांनी लहान. डोंबिवलीला प्राथमिक शाळेत शिकवायची. खोकला लागला तेव्हा म्हणाली, खडूची पूड घशात जाते. आम्ही तिघांनी मिळून त्या खडूवर तीन महिने विश्वास ठेवला. मग एक दिवस वर्गातच तिच्या रुमालाला रक्त लागलं.

आमची आई क्षयानेच गेली होती. धाकटी तेव्हा नऊ वर्षांची होती. आईच्या वेळी आम्ही काहीच केलं नाही, कारण करण्यासारखं काही असतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. या वेळी मला ठाऊक होतं. आरोग्यधाम होतं, डॉक्टर होते, इंजेक्शनं निघाली होती. हिला मी मरू देणार नाही, असं मी अप्पांना स्पष्ट सांगून टाकलं, जणू ते तसं करणार होते आणि मी त्यांना अडवत होते.

तिला ठेवलं ते आरोग्यधाम घाटावर होतं. कल्याणला गाडी बदलायची, पुण्याच्या गाडीने वर जायचं आणि पुढे मोटारीने तासभर. भेटीला महिन्याचा पहिला रविवार, अकरा ते चार. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, औषध आम्ही देतो, पण हिचं वजन वाढलं पाहिजे. मटण खाणारं घर आहे ना तुमचं? मग मटण खाऊ दे हिला. आता गंमत अशी की ते आरोग्यधाम चालवणारी मंडळी धार्मिक. स्वयंपाकघरात अंडंसुद्धा यायचं नाही. घरून आणलेलं मटण चालेल, पण ते मागच्या पडवीतल्या जाळीच्या कपाटात राहील, तिथूनच आया आणून देईल, आणि गरम करायला चूल मिळणार नाही. म्हणजे शिजवलेलं, गार खाता येईल असं आणि महिनाभर टिकेल असं मटण हवं. मी मनातून हसले. महिनाभर टिकणारं मटण ही तर माझी रोजची रोटी. कारखान्याचे डबे मी पहिल्याच खेपेला अप्पांच्या पिशवीत भरून दिले.

दुसऱ्या खेपेहून अप्पा परत आले ते पायरीवरच म्हणाले, "डॉक्टरांनी सोऱ्याचं बंद सांगितलंय. सोऱ्याचं नको, पोटाला सोसत नाही तिच्या." आणि त्यांनी हवेत चकली पाडल्यासारखा हात फिरवून दाखवला.

मी कपाळाला हात लावला. डब्यांबरोबर मी चकल्याही पाठवल्या होत्या ना! क्षयाच्या मुलीला तळलेलं पाठवते, कसली शिकलेली मी! त्याच संध्याकाळी फडताळातला पितळी सोऱ्या उचलून माळ्यावर फेकला. पुढच्या खेपेला चकल्या नाहीत, शेव नाही, डबे मात्र दोन जास्त.

महिन्याने अप्पा चिठ्ठी घेऊन आले. डॉक्टर त्यांच्यावर ओरडले होते आणि ओरडूनही कळेना म्हणून त्यांनी लिहून दिलं होतं. सोरा घातलेले मांसाचे डबे ताबडतोब बंद करा. त्याने तिचं पोट जळतं, जुलाब होतात, अंगी काही लागत नाही. कसलीही पावडर न घातलेलं मांस आणा, नाहीतर आणू नका.

ध चा मा कसा होतो ते शाळेत वाचलं होतं. आमच्या घरात सोरा आणि सोऱ्या एवढ्यावर माझ्या बहिणीचा एक महिना गेला. अप्पांचं एक सोडा, त्यांचा कान अधू. दिवसातून वीस वेळा 'सोऱ्याची बरणी दे', 'सोऱ्याचं माप दे' म्हणणारी मी होते. माझे दोन्ही कान शाबूत होते. पण घरात सोऱ्या म्हणजे चकलीचा, आणि सोरा म्हणजे कारखान्यातला, आणि माझ्या डोक्यात या दोन खोल्यांच्या मध्ये दार नव्हतं. त्या महिन्यात तिचं वजन पाच पौंड उतरलं होतं. मी अप्पांना काय वाट्टेल ते बोलले. ते उजवा कान माझ्याकडे करून सगळं ऐकत राहिले, आणि त्याचा मला आणखीनच राग आला.

मग मी कामाला लागले. सोरा नको, कारखान्यातली कुठलीच पावडर नको, पण टिकायला हवं. जे काही घालायचं ते झाडावर नाहीतर मातीत उगवलेलं हवं. वाटलं तितकं अवघड नव्हतं, आणि वाटलं त्याहून फार अवघड होतं.

रविवारी सकाळी खाटकाकडून मांडीचं, बिनहाडाचं मटण आणायचं, बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, पाणी पुरतं आटेपर्यंत परतायचं. पाणी हा शत्रू, एवढं कारखान्याने शिकवलं होतं. मीठ-हळदीचं मटण चौथ्या दिवशी चिकट झालं. लसूण दुप्पट केला, सहाव्या दिवशी आंबूस वास. मोहरी फेसून घातली, आठ दिवस. मिरं, लवंग, दालचिनी वाटून तेलात बुडवून ठेवलं, बारा दिवस टिकलं आणि तेराव्या दिवशी झाकण काढलं तर वर पांढरी लव. मी ती बाटली तशीच हातात धरून मोरीत बसून रडले. बाहेरून शेजारच्या काकू म्हणाल्या, "आज पुन्हा मटण वाटतं? चैन आहे बाई तुमची." मी आतून जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर त्या वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

कारखान्यात एक उबेचं कपाट होतं. भरलेले डबे त्यात काही दिवस ठेवायचे, आत काही नासत असेल तर डबा फुगतो. मी डब्यांच्या मागे माझ्या लहान बाटल्या लपवायला लागले. आमचे केमिस्ट पुण्याचे, पूर्ण शाकाहारी, आयुष्यभर मटण तपासून ते कधी जिभेला न लावलेले. त्यांना बाटल्या सापडल्या.

"हे काय आहे?"

"मटण."

"ते दिसतंय मला, दुर्दैवाने. कशासाठी?"

मी खरं सांगून टाकलं. सांगता सांगता आवाज चढला, जणू माझ्या बहिणीला क्षय त्यांनीच दिला होता. ते चष्मा पुसत उभे राहिले. मग म्हणाले, "तांबडा माठ वाळवून त्याची पूड घालून पाहा. मुळ्याचा पालाही चालेल. मिठात दोन-चार दिवस मुरू द्या. काही जादू नाही त्यात, पण पाहा."

मी बाजारातून माठाच्या जुड्या आणल्या, पत्र्यावर वाळवल्या, पूड केली. चौथ्या दिवशी तुकडा शिजवून कापला तर मधोमध गुलाबी! अगदी आमच्या डब्यातल्यासारखा. मी तो कागदात गुंडाळून नाचत कारखान्यात नेला. केमिस्टसाहेबांनी लांबूनच पाहिला.

"झाला ना? काही पालेभाज्या जमिनीतून सोरा शोषतात, पानात साठवतात. तोच उतरला तुमच्या मटणात."

मी तुकडा पुन्हा कागदात गुंडाळला. "म्हणजे सोराच की हा!"

"तुम्ही म्हणालात, पावडर नको, झाडपाल्याचं हवं. हे झाडपाल्याचं आहे."

"पण तिच्या पोटाला काय कळतं, तो पुडीतून आला की पाल्यातून?"

ते म्हणाले, "काही कळत नाही. बरोबर आहे तुमचं." माणूस प्रामाणिक होता. पण माझा आणखी एक रविवार गेला, आणि माठाची सगळी पूड मी गटारात ओतली. आजही पुढच्या दाराने हाकललेला पाहुणा मागच्या दाराने पाहुणचार घेताना पाहिला की मला तो गुलाबी तुकडा आठवतो.

वाट दाखवली ती एका मीठवालीने. कोपरीच्या गावठाणातली आगरीण, आमच्या दारावर मीठ आणि सुकी मासळी घेऊन यायची. मी तिच्याकडून एकदम पायलीभर मीठ मागितलं तेव्हा तिने पाटी खाली ठेवली आणि चौकशी केली. सगळं ऐकून म्हणाली, "नुसतं मीठ घालून काय व्हतंय गो बाय? सोलां घाल, चांगली मूठ भरून. आंबटाला किरा लागत नाय."

सोलं म्हणजे आमसुलं. कोकणातल्या माणसाच्या घरात डबाभर असतातच, आमच्याही होती. मी लवंगा-दालचिनी शोधत ठाण्याचा बाजार पालथा घातला होता आणि आमसुलं आमटीत घालत होते. आमसुलं मिठाच्या पाण्यात कुस्करून त्यांचा दाट कोळ काढला, मटण त्यात आटवलं, वर लसूण, मिरपूड आणि तिरफळं, मग तेल. पंधरा दिवस झाले, वीस झाले, काही नाही. तिसाव्या दिवशी झाकण काढलं तर वास असा आला की अप्पा बाहेरच्या खोलीतून उठून आले. रंग मात्र काळा. गुलाबी नाही, करडासुद्धा नाही, चिंचोक्यासारखा काळा. काळा तर काळा. मी मीठवालीला बोलावून नारळ आणि खण दिला. तिला वाटलं माझं लग्न ठरलं.

पहिली बरणी अप्पांबरोबर गेली.

मी का गेले नाही, हे आता सांगायला हवं. रविवार एकच सुट्टी. पाठवलेल्या बरणीसारखीच दुसरी मी घरी ठेवायची आणि महिनाभर रोज तपासायची, कारण तिकडे काही नासलं तर मला इकडे कळायला हवं. पाठवायची बरणी शनिवारी रात्री भरून व्हायची, पण घरच्या परीक्षेचा घाणा महिन्याच्या पहिल्या रविवारी लावलाच पाहिजे, नाहीतर महिन्याची परीक्षा पुरी होत नाही. भेटीचा दिवसही तोच. "अप्पा जातायतच ना," मी म्हणायची. "मी तिथे जाऊन काय करणार? खाटेशी बसून आसवं गाळणार? त्यापेक्षा चार तुकडे जास्त टिकवले तर तिच्या अंगी लागतील." हे मला तेव्हा अगदी शहाणपणाचं वाटत होतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण उंटावर बसलेल्याला आपण फार उंच आहोत एवढंच कळतं.

धाकटीला मी दर आठवड्याला कार्ड लिहायची. कार्डात एकच प्रश्न. टिकलं का? बुरशी दिसते का? तेल वर आहे का? वास कसा येतो? खाली जागा उरली तर, औषध वेळेवर घे. तिची उत्तरं बारीक, गोल, मास्तरणीच्या अक्षरात यायची. "ताई, बरणी उघडून पाहिली. टिकलं आहे. बुरशी नाही. वास छान आहे. अप्पांना जप." मी ती कार्डं कारखान्यात नेऊन केमिस्टसाहेबांना दाखवायची. ते म्हणायचे, "उत्तम. प्रयोग म्हणून उत्तम आहे."

पण वजन उतरतच होतं. दोन पौंड, मग पुन्हा तीन. मला काही केल्या समजेना. खाते आणि अंगी लागत नाही, म्हणजे मटणाचा कसच टिकत नसणार, वरवर नुसतं चांगलं दिसत असणार. घरच्या बरणीत चौतिसाव्या दिवशी कडेला एक ठिपका दिसला, तेवढं निमित्त पुरलं. दुसऱ्या बरणीत आमसुलं दुप्पट केली. तिसरीत कोकमाचं आगळच ओतलं, तिरफळं वाढवली, वर मिरची घातली, कारण मिरचीनेही टिकतं असं मला आढळलं होतं. लिटमसचा निळा कागद टेकवला की लालभडक व्हायचा आणि मी तो आनंदाने वहीत चिकटवून ठेवायची. चव मी बोटाला लागलेल्या तेलाचीच घ्यायची. तुकडा कधी तोंडात घातला नाही. तिच्या वाट्याचं मी कसं खाऊ? घरच्या परीक्षेच्या बरण्यासुद्धा पुढे अप्पा संपवायचे, आणि अप्पांना मी काहीही वाढलं तरी ते छान म्हणायचे.

एका खेपेहून अप्पा म्हणाले, "घसा बसलाय तिचा. मला तर काही ऐकूच येत नाही ती काय बोलते ते. मान हलवते नुसती."

"थंडी आहे तिकडे," मी म्हटलं. "मफलर घालायला सांगा. आणि बरणीचं काय म्हणाली?"

"बरणी मी आयेकडे दिली. ती मागे कपाटात ठेवते. मला तिथे जाऊ देत नाहीत."

"टिकलं होतं ना मागचं?"

"टिकलं म्हणाली. म्हणजे मान हलवली."

त्याच आठवड्यात तिचं कार्ड आलं. "ताई, पहिल्या बरणीला आज चौसष्ट दिवस झाले. अजून टिकलं आहे." मी ते कार्ड देवाजवळ ठेवलं. चौसष्ट दिवस! सोरा न घालता! आमच्या कारखान्यात कोणाला जमलं नसतं. त्या दिवशी मी केमिस्टसाहेबांना पेढे दिले, मीठवालीला पेढे दिले. शेजारच्या काकूंनाही दिले असते, पण त्या बोलत नव्हत्या. महिन्याभरासाठी दिलेल्या बरणीत चौसष्टाव्या दिवशी अजून काही शिल्लक का होतं, हा प्रश्न एखाद्या पाचवीतल्या पोरालाही पडला असता. मला पडला नाही.

त्याच्या पुढच्या पहिल्या रविवारीही मी जाणार नव्हते. अप्पांना हिवताप भरला म्हणून गेले. चौथी बरणी मांडीवर घेऊन कल्याणला गाडी बदलली, आणि घाट चढेपर्यंत ती कलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून बसले.

वॉर्डात शिरल्यावर मी तिच्या खाटेवरून पुढे गेले. खरंच गेले. आयेने मागून हाक मारली, "ओ बाई, ही इकडे." उशीवर आईचा चेहरा होता, शेवटच्या दिवसांतला. तिने मला पाहून हात पुढे केला. मी बरणी खाली ठेवायला जागा शोधत होते, म्हणून मला तो हात धरायला उशीर झाला.

"कशी आहेस?" मी विचारलं. तिने घशाकडे बोट दाखवलं. आया म्हणाली, "घशात उतरलाय आजार त्यांच्या. तोंडही सगळं आलंय. पाणी गिळतानासुद्धा डोळ्यांतनं पाणी येतं. तुमच्या वडलांना डॉक्टरसाहेबांनी दोनदा सांगितलं की." अप्पांच्या कोणत्या बाजूला उभं राहून सांगितलं, ते मी विचारलं नाही.

"मग जेवते काय?"

"दूध. तेही जाईल तेवढं."

मी म्हटलं, "आणि मटण?"

आयेने हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "चला, दाखवते."

मागच्या पडवीत जाळीचं कपाट होतं. वरच्या फळीवर माझ्या तीन बरण्या रांगेत. फडकी माझ्याच हाताने बांधलेली, तारखेच्या चिठ्ठ्या माझ्याच अक्षरातल्या. पहिली अर्धी झाली होती. दुसरीतले चार-पाच तुकडे गेले असतील. तिसरीत तेलाचा थर मी ओतला होता तसाच, सपाट. "पहिलं पहिलं खायच्या," आया म्हणाली. "मग जमेना. पण दर आठवड्याला बरण्या मागवायच्या खाटेवर. झाकण उघडून बघायच्या, वास घ्यायच्या आणि तुम्हाला कार्ड लिहायच्या. मी म्हटलं, अहो, दुसऱ्या बायकांना वाटून टाका. तर नको म्हणाल्या. ताईला आकडा हवाय."

मी तिसरीचं फडकं सोडलं. एक तुकडा काढून तोंडात घातला. सगळे महिने मिळून मी खाल्लेला तो पहिला तुकडा. मटण उत्तम टिकलं होतं. जिभेच्या दोन्ही कडा एकदम आखडल्या, हिरड्यांत कळ गेली, तिरफळाने ओठ बधिर झाले, मिरची घशात उतरली आणि डोळ्यांत पाणी आलं. माझं तोंड धडधाकट होतं. तो गिळायला मला दोनदा प्रयत्न करावा लागला.

परत येऊन खाटेशी बसले. मी काही बोलायच्या आत तीच बोलली. आवाज नव्हताच, नुसता वारा. मला तिच्या तोंडाशी कान न्यावा लागला.

"ताई, झोंबतं गं."

"मग लिहायचं नाहीस का मला?" मी ओरडलेच. तेव्हाही ओरडले. पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बसली. "एक ओळ लिहिता आली नाही?"

तिने डोळे मिटले. तशीच म्हणाली, "तू टिकलं का विचारायचीस. टिकलं होतं."

मी तिचा हात धरून बसले. इतक्या कार्डांत मी एकदाही विचारलं नव्हतं की खाल्लंस का. ती खातेय हे मी गृहीत धरलं होतं, जशी ती जगेल हे गृहीत धरलं होतं. तिच्याकडून जे जाईना ते नासू नये म्हणून मी आणखी आंबट करत गेले, आणि मी जितकं आंबट करत गेले तितकं तिच्याकडून जाईना. या गोष्टीचा राग कोणावर काढावा ते मला आज म्हातारपणीही ठरवता आलेलं नाही. दुसरा कोणी मिळत नाही.

आयेच्या जवळजवळ पाया पडून मी तांदळाची पेज मागितली. स्वयंपाकघरातून वाटीभर मिळाली. गार करून, मीठसुद्धा न घालता, चमच्याने भरवली. तीन चमचे गेले. चौथ्याला तिने मान फिरवली. तीन चमचे, आणि मला वाटलं आता हिचं वजन वाढणार. मी तिला सांगायला लागले, पुढच्या वेळी मटणाचं नुसतं पाणी काढून आणते, गाळून, आंबट नाही, तिखट नाही, बर्फात घालून आणलं तर संध्याकाळपर्यंत...

तिने माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली. शाळेत बडबडणाऱ्या मुलाला ती अशीच गप्प करत असणार.

"पुढच्या वेळी काही आणू नकोस," ती म्हणाली. "नुसती ये."

चार वाजता घंटा झाली. मी चौथी बरणीही तिथेच ठेवून निघाले.

पुढच्या पहिल्या रविवारच्या अकरा दिवस आधी तार आली. अप्पा आणि मी गेलो, अंत्यविधी तिथेच उरकला. तिचं सामान लगेच देत नाहीत, धुरी देऊन निर्मळ करावं लागतं, ते पहिल्या रविवारी न्या, असं आम्हाला सांगितलं गेलं.

त्या रविवारी मी खाटकाकडे गेले नाही. सकाळी उठून कल्याणला गाडी बदलली, घाट चढले, अकराच्या आत फाटकाशी जाऊन उभी राहिले. फाटकावरच्या माणसाने रोजच्या सवयीने विचारलं, पेशंटसाठी काय आणलंय, आत नोंद करावी लागते. मी दोन्ही हात पुढे करून दाखवले. काही आणलं नव्हतं. नुसती आले होते.